शेपटीची तुकडी

पहिल्यांदा अख्खं पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते परत केलं. कॉलेजचा तिसरा की चौथा दिवस होता. ग्रंथपाल मॅडमनी कार्डावर नोंद करून एक जाडजूड कादंबरी माझ्यासमोर ठेवली, आणि मी म्हणाले, "मॅडम, एवढं नको. पहिली तुकडी द्या फक्त. ती संपली की मधली नेईन."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मागे रांगेतल्या मुली हसल्या. मला खरंच वाटलं होतं की पुस्तकं सगळीकडे अशीच देत असतील, मासे देतात तशी, कापून. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. सातबारा होता, कॅलेंडर होतं आणि माझी शाळेची पुस्तकं होती, जी दरवर्षी खालच्या वाडीतल्या मुलीकडे जायची. बाकी जे काही वाचलं ते कट्टा गावात, तात्यांच्या हॉटेलात, तुकड्यांनी.

तात्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. पुस्तक हातात आलं की ते सर्वांत आधी त्याचं कव्हर आणि नावाचं पान काढून चुलीत घालायचे. "नाव बघलां की माणूस आधी पाया पडता," ते म्हणायचे, "आणि पाया पडलो की वाचीत नाय."

त्यामुळे मी काय काय वाचलं आहे हे मला आजही सांगता येत नाही. वर्गात सर एखाद्या मोठ्या लेखकाचं नाव घेतात, गोष्ट सांगायला लागतात, आणि मध्येच माझ्या लक्षात येतं, अरे, ही तर मी उसळपाव खाताना वाचलेली.

कट्ट्याच्या बाजारात एसटीच्या थांब्यासमोर त्यांचं हॉटेल होतं. आता नाही. डोळे अधू झाले तसं ते बंद करून तात्या भाचीकडे राहायला गेले. तेव्हा चार बाकं होती, चहा, उसळपाव, आणि शनिवारी तांदळाचे घावणे. तात्या बावीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. बोटीवर करमत नाही म्हणून वाचायला लागले. मुंबईच्या गोदीबाहेर फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळायची, भाषांतरं बहुतेक, ती पोत्यात भरून चढायचे. बोट सोडून गावी आले तेव्हा दोन ट्रंका भरून पुस्तकं आली, आणि लोकांना वाटलं परदेशी माल आणला.

पुस्तकाचा कणा ते ब्लेडने उसवायचे. मग चाळीस-पन्नास पानांचे गठ्ठे करून दाभणाने भोकं पाडायची आणि जाळी विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवायची. एकेक गठ्ठा म्हणजे एक तुकडी. मालवणची गाडी चुकली की पुढची येईपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढी. काउंटरमागच्या फळीवर या तुकड्या लावलेल्या असत आणि चहा मागितला की चहाबरोबर एक समोर यायची.

माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती घाबरली. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडते, अक्षरं लावत लावत वाचते, पण पुस्तकाला पाय लागला तर अजून कपाळाला हात लावते. एकदा बाजारात आली तेव्हा तिने तात्यांना विचारलंच. "तात्यानू, विद्या अशी कापतत?"

"सुरमई हाडलंस तर अख्खी गिळतंस काय गो?" तात्या म्हणाले. "कापल्याशिवाय पोटात जायत कशी?"

आईला ते पटलं नाही, पण तिला हसू आलं. त्यानंतर तिने मला अडवलं नाही.

सुरुवातीची, मधली अशा सगळ्या तुकड्या फळीवर असत, कोणीही घ्याव्यात. शेवटची मात्र नाही. तिला ते शेपटी म्हणायचे. सगळ्या शेपट्या बिस्किटांच्या एका मोठ्या निळ्या डब्यात, आणि डबा तात्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला. शेपटी हवी असेल तर आधी सांगायचं, पुढे काय व्हायला पाहिजे आणि का. काय होईल ते नव्हे. ते ओळखणं सोपं असतं, असं त्यांचं म्हणणं.

एका जुन्या नाटकाची गोष्ट आठवते. त्यातल्या राणीने शत्रूला शब्द दिलेला असतो, आणि तो पाळला तर तिचं गाव बुडणार असतं. बाबल रिक्षावाला तीन दिवस ते नाटक वाचत होता. भाडी सोडून.

"गाव वाचवचा," बाबल म्हणाला. "शब्द काय, मगे परत देवक येता."

"मगे तुझो शब्द खरो मानतलो कोण?"

"गाववाले मानतले. जिते रवले म्हणान."

"आणि शत्रू?"

बाबलने डोकं खाजवलं. "तात्यानू, तुमी शेपटी देवा. माका कणकवलीचा भाडा आसा."

"भाडा करून ये. वाटेत इचार कर."

बाबल संध्याकाळी परत आला. भाड्याच्या माणसालाही त्याने तोच प्रश्न विचारला होता आणि दोघांचं भांडण झालं होतं. तात्या इतके खूश झाले की शेपटीबरोबर एक घावणा फुकट दिला.

मी अकरावीला असताना त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माका काय कळता तात्यानू."

"भूक लागली ता कळता मा?"

"कळता."

"मगे ह्या पण कळतला. ये फाल्या."

फाल्या म्हणजे उद्या. तीन आठवडे मी रोज जात होते आणि रोज तेच म्हणत होते. माझ्या आधी आमच्या घरातलं कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मला वाटायचं की मत असायला आधी काहीतरी पास व्हावं लागतं. तिन्ही आठवडे शेपटी मिळाली नाही. चहा मिळाला.

पुस्तकांच्या समासात ते पेन्सिलीने शेरे लिहायचे. पेन्सिल कायम कानावर. जिथे लेखन पुळचट वाटलं तिथे 'मीठ कमी'. जिथे लेखक फार उपदेश करायला लागला तिथे 'करपला'. आणि जिथे विचार अर्धवट वाटला तिथे 'शिजूक नाय'. कॉलेजात गेल्यावर मी माझे निबंध त्यांना दाखवायचे. प्रत्येकाखाली एकच शेरा यायचा, शिजूक नाय. सरांनी दहापैकी आठ दिलेल्या निबंधावरही.

आता घड्याळजीच्या पुस्तकाबद्दल सांगते.

फळीच्या अगदी डाव्या टोकाला ते असायचं. पाच तुकड्या, सगळ्यांत मळलेल्या. कुठल्यातरी बर्फाळ देशातली गोष्ट. एका गावात एक घड्याळजी असतो आणि चौकातल्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायचं काम त्याचं असतं. एका दिवशी तो चावी द्यायला विसरतो. घड्याळ मागे पडतं. नदीवरचा पूल उचलणारा राखणदार त्या घड्याळावर काम करत असतो, तो पूल उशिरा उचलतो आणि एक बोट येऊन आदळते. राखणदाराला गावाबाहेर काढतात. घड्याळजी त्या संध्याकाळी गुपचूप काटे जागेवर आणतो. कोणाला काही कळत नाही. मग तो मोठा होतो, गावचा पंच होतो, लोक त्याच्याकडे न्याय मागायला येतात. म्हातारपणी एका सकाळी तो बर्फातून चालत निघतो, राखणदाराच्या झोपडीपर्यंत पोचतो, आणि दार वाजवायला हात उचलतो.

तिथे पाचवी तुकडी संपते. या पुस्तकाची शेपटी डब्यात नव्हती. फुटपाथवरून घेतलं तेव्हाच शेवटची पानं गेलेली होती. नाव नाही, कव्हर नाही. बाबलने एकदा मोबाइलवर शोधून द्यायची तयारी दाखवली, पण शोधायचं काय?

त्यामुळे या पुस्तकाबद्दल तात्या परीक्षा घेत नसत. उलट सगळ्यांना विचारायचे, पुढे काय झालं असेल रे? आणि शेवटी नेहमी तेच वाक्य, "शेवट कळलो की माका जामसंड्याक जावचा आसा." जामसंडे म्हणजे तिकडे देवगडजवळ.

"तात्यांची कोणतरी आसा जामसंड्याक," बाबल डोळा मारून म्हणायचा. तात्या त्याच्या चहात साखर घालत नसत त्या दिवशी.

सगळ्यांत चांगलं उत्तर रुक्माकाकीचं होतं. ती मालवणहून मासे घेऊन यायची, आणि टोपली रिकामी झाली की परतीच्या गाडीची वाट बघत हॉटेलात टेकायची. तिला वाचता येत नव्हतं. तात्या तिला वाचून दाखवायचे, कांदा चिरता चिरता. घड्याळजी दारात पोचला तशी ती म्हणाली, "तेच्या हातात काय आसा?"

"काय नाय. दार वाजवूक उचललो हात."

"आणि दुसऱ्या हातात?"

"ता लिवक नाय."

"शिरा पडली तेच्या तोंडार! इतक्या वर्सांनी माणूस माफी मागूक जाता, आणि हात हलवीत जाता? वायच कायतरी घेवन जावचा मा. चार बांगडे तरी."

आम्ही सगळे हसलो. तात्या हसले नाहीत. कांदा चिरायचा थांबला, तेवढंच.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी हॉटेलात कोणी नव्हतं. तात्या नारळ खवत होते. मी सहज विचारलं, "तात्यानू, तो घड्याळजी वाईट माणूस होतो काय?"

ते खवतच राहिले. मग म्हणाले, "बोटीर माझ्याबरोबर एक जामसंड्याचो होतो. दुसरो कूक. एकदा भांडी धुवचो नळ उघडो रवलो. गोड्या पाण्याची अर्धी टाकी दर्यात गेली. पुढचां बंदर आठ दिसांर. कप्तानान इचारल्यान, कोण होता हय शेवटाक? कोणीतरी तेचा नाव घेतल्यान. पुढच्या बंदरात तेका उतरवल्यानी. मगे तेका परत बोट मिळाक नाय."

त्यांनी नारळाची करवंट बाजूला ठेवली.

"नळ मी उघडो ठेवलेलंय. माका कोणी इचारूकच नाय. इचारल्यानी असते तर सांगलंय असतंय. असा मी पस्तीस वर्सां म्हणतंय."

मी विचारलं की मग अजून गेले का नाहीत. जामसंडे काही परदेशात नाही. ते म्हणाले की माफी मागून त्या माणसाला काय मिळणार, हेच त्यांना ठरवता येत नाही. बोट तर परत मिळणार नाही. "आपल्या डोक्यावरचो भार तेच्या खळ्यात नेवन टाकूचो, ह्या बरां काय? ता त्या पुस्तकवाल्याक ठाऊक असतला. तेणी इतकी पानां लिवल्यान, उगाच नाय."

तेव्हा मला कळलं की तात्यांनी आपलं जाणं त्या हरवलेल्या पानांवर टाकलं होतं. शेवट मिळत नव्हता म्हणून जाता येत नव्हतं, आणि शेवट मिळत नव्हता हे बरंही होतं.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, कॉलेजच्या ग्रंथालयात कोणीतरी भेट दिलेल्या जुन्या पुस्तकांचा ढीग आला. मॅडमनी मला नोंदी करायला बसवलं. एक पुस्तक मधूनच उघडलं, आणि बर्फातून चालणारा म्हातारा माझ्यासमोर आला. वाक्य न् वाक्य तेच. फक्त समासात शेरे नव्हते.

कव्हर मी बघितलं नाही. म्हणजे नोंद करायची म्हणून बघावंच लागलं, पण नाव मी कोणाला सांगितलेलं नाही. शेवटची अठरा पानं तिथेच वाचून काढली.

घड्याळजी दार वाजवतो. आत दिवा असतो, माणसाची चाहूल असते. तो बाहेरूनच सगळं कबूल करतो. दार उघडत नाही. तो परत वाजवतो. बर्फ पडत राहतो. दार उघडत नाही, आणि पुस्तक संपतं.

मी त्या पानांची झेरॉक्स काढली. का काढली, नक्की सांगता येत नाही. तात्यांना द्यायची म्हणूनच काढली असणार. पण दिली नाही. आठ-दहा दिवस ती माझ्या पिशवीत डब्याखाली होती. ही वाचली तर तात्या जामसंड्याला कधीच जाणार नाहीत, हे मला दिसत होतं. मग वाटलं, खोटाच शेवट सांगावा. दार उघडतं, राखणदार त्याला शेकोटीजवळ बसवतो. मी तो मनात रचलाही, चांगला जमला होता. पण ज्या माणसाने मला तीन आठवडे शेपटी दिली नाही, कारण मी स्वतःचं बोलत नव्हते, त्याला दुसऱ्याच्या नावावर खोटं कसं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर ते तरी कसं?

मी हॉटेलात जायचे आणि खाली मान घालून चहा प्यायचे. शेवटी तात्यांनीच कप उचलताना विचारलं, "मिळालो मा शेवट?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"बरो आसा?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तात्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कळला," ते म्हणाले. "रवांदे तुझ्याकडे. आधी जावन येवया."

"तात्यानू, मी गप रवलंय, माझा चुकला…"

"गप रवणां माका शिकव नको. माझा गप रवणां माझ्यासाठी होता. तुझा तुझ्यासाठी न्हय."

त्या शनिवारी हॉटेल बंद होतं. तात्यांनी पहाटे उठून घावणे केले होते, घरातल्यासाठी करतात तसे, केळीच्या पानात बांधून डब्यात घातलेले, वर चटणीची पुडी. रुक्माकाकीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मी बरोबर गेले कारण त्यांना गाड्यांच्या पाट्या नीट दिसत नव्हत्या. निदान त्यांनी तसं सांगितलं. कणकवलीला गाडी बदलली. देवगडच्या गाडीत ते डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि दर वळणावर विचारत होते, "इला काय?"

जामसंड्याला घर सापडायला वेळ लागला नाही. आंब्याची कलमं, मधे चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. एक म्हातारे गृहस्थ खळ्यात बसून रिकाम्या पेट्यांना खिळे मारत होते, हंगामाची तयारी. त्यांनी वर बघितलं. दोघांनी एकमेकांना ओळखलं हे मला दिसलं.

तात्या खळ्याच्या कडेला उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "नळ मी उघडो ठेवलेलंय."

पस्तीस वर्षांनी पहिलं वाक्य हे. बसा नाही, कसे आहात नाही.

त्या माणसाने तोंडातला खिळा काढला, पेटीला लावला, दोन ठोके मारले. मग म्हणाला, "ठाऊक आसा."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. मी भांडी धुवकच नव्हतंय. तूच होतंस."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"बोलतलंय असतंय. पण तू बोलतलंस म्हणान थांबलंय." त्याने हातोडी खाली ठेवली. "पयली दोन वर्सां वाट बघलंय तुझी. गाडी थांबली की बायलेक सांगी, बघ गो, कोण उतारता ता. मगे सोडलंय. मगे हीं कलमां लावलंय."

तो रागाने बोलत नव्हता. माफ केलं असंही म्हणाला नाही. मी आवारातल्या झाडांकडे बघत राहिले. मोठी झाडं होती, खूप वर्षांची.

"डब्यात काय आसा?" त्याने विचारलं.

"घावणे."

"तुझे घावणे जाडे असत."

तात्यांनी डबा पुढे केला. त्याने पान सोडलं, एक घावणा मोडला, चटणीला लावून तोंडात घातला, आणि सावकाश खाल्ला. आम्ही दोघं उभेच.

"आजून जाडेच आसत," तो म्हणाला. मग आत वळून हाक मारली, "गो, पाणी हाड भायर. दोघांक."

तांब्या आला. तात्यांनी तो तोंडाला लावला आणि मधे श्वासही न घेता संपवला.

निघताना तो माणूस कुंपणाच्या गडग्यापर्यंत आला. "पुढच्या खेपेक पातळ कर," एवढंच म्हणाला.

परतीच्या गाडीत तात्या खिडकीशी बसले. शिरगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "आता वाच."

मी झेरॉक्स काढली. इंजिनाच्या आवाजात मोठ्याने वाचावं लागलं, पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा मागे वळून बघत होता. अठरा पानं वाचली, दार उघडत नाही तिथपर्यंत.

मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कागद मांडीवरच्या रिकाम्या डब्यावर ठेवले, आणि गाडीच्या हिसक्यांमध्ये अगदी डोळ्यांजवळ नेऊन शेवटच्या पानाखाली लिहिलं. मी वाकून वाचलं. 'मीठ बरोबर. पण तो रिकाम्या हातान गेलो.'

पेन्सिल त्यांनी माझ्याकडे दिली. "आता तू."

माका काय कळता, हे ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. पेन्सिल धरून मी बराच वेळ बसले, शिरगावचा थांबा येऊन गेला, दोन बायका चढल्या, कंडक्टर येऊन तिकिटं विचारून गेला. मग मी त्यांच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली. 'खूप उशीर केल्यान. पण गेलो.'

तात्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद नाकापाशी नेला आणि वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"शिजला," ते म्हणाले, आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.